शब्दावरचा जोर आणि मजकुरातील खुणा

मराठीत शुद्धलेखनाविषयी जितका वाद झाला तितका लेखनाच्या दुसऱ्या कोणत्याही अंगाविषयी झाला नसेल. अनुस्वार ठेवावा की गाळावा, इकार ऱ्हस्व की दीर्घ, यावर पिढ्या खर्ची पडल्या. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली मान्य झाले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. परंतु ओळीतील एखादा शब्द जाड ठशात केव्हा घ्यावा, तिरपा केव्हा करावा, त्याखाली रेघ केव्हा ओढावी, याविषयी त्या अठरा नियमांत एक अक्षरही नाही. हे काम लेखकाचे नव्हे, छापखान्याचे आहे, अशी तेव्हाची समजूत असावी आणि त्या काळी ती फारशी चुकीची नव्हती. लेखक हस्तलिखित पाठवी, जुळारी खिळे जुळवी, मुद्रितशोधक समासात खुणा करी आणि शेवटी जे छापून येई ते लेखक मुकाट्याने मान्य करी.

आता जुळारी राहिला नाही. आपल्या नियतकालिकांचे संपादक लेखकाकडून साधा मजकूर मागवतात, आणि ज्या शब्दावर जोर हवा त्याच्या दोन्ही बाजूंना ठरलेल्या खुणा घालून पाठवा, म्हणजे पुढचे यंत्र पाहून घेईल, असे कळवतात. तारका घातली की शब्द जाड होतो, अधोरेषा घातली की तिरपा होतो. भ्रमणध्वनीवर निरोप धाडताना आपल्यापैकी पुष्कळ जण हेच करीत असतात. म्हणजे जुळाऱ्याचे अर्धे काम आज लेखकाच्या अंगावर आले आहे. मात्र जुळाऱ्याला जे शिक्षण मिळे ते लेखकाला कोणी दिलेले नाही. या खुणा कशा निवडाव्यात याचा विचार मराठीच्या बाजूने व्हावयास हवा असे आम्हांस वाटते. तसे वाटण्यास एक कारण घडले, ते आधी सांगतो.

येथे सदरमध्ये आमच्या शेजारी एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. नोकरीनिमित्त जबलपुरास आले आणि निवृत्तीनंतर येथेच राहिले. सर्वजण त्यांस काका म्हणतात. तरुणपणी त्यांनी गाण्याचे शिक्षण घेतले होते व त्या वेळी गुरूंपुढे बसून उतरलेल्या बंदिशींची एक वही त्यांच्यापाशी आहे. कागद पिवळा पडून कडा झडू लागल्या, तेव्हा ती वही संगणकावर उतरवून देण्याचे आम्ही मोठ्या उत्साहाने अंगावर घेतले. दिवसभर कार्यालयात टिपणे टंकलिखित करणाऱ्यास हे काम अवघड वाटण्याचे कारण नव्हते. स्वरलेखन भातखंडे पद्धतीचे होते. त्या पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असते, आणि वरच्या व खालच्या सप्तकासाठी स्वराच्या वर किंवा खाली बिंदू असतो. खाली रेघ म्हणजे अधोरेषा, असा सोपा हिशेब करून आम्ही प्रत्येक कोमल स्वराच्या दोन्ही बाजूंना अधोरेषा घातली आणि मजकूर यंत्राच्या स्वाधीन केला.

प्रती सुबक निघाल्या. काकांकडे शिकावयास येणाऱ्या एका मुलीने भैरवाचे पान उघडले आणि लिहिल्याप्रमाणे स्वर म्हणावयास सुरुवात केली. दुसऱ्याच स्वराला काकांनी हात वर केला. "अगं, हा भैरव नव्हे. हे तर बिलावलाचे स्वर!" मुलगी म्हणाली, "काका, कागदावर असंच आहे." आम्ही कागद पाहिला. तिचे म्हणणे खरे होते. यंत्राने अधोरेषेचा अर्थ आपल्या नियमाने केला होता. त्याच्या लेखी ती रेघ नव्हती, शब्द तिरपा करण्याची आज्ञा होती. ऋषभ आणि धैवत किंचित उजवीकडे कलले होते, इतके किंचित की आम्हांसही ते शोधावे लागले, आणि त्यांच्या खालच्या रेघा नाहीशा झाल्या होत्या. भैरवातले हे दोन कोमल स्वर शुद्ध केले की उरतात ते बिलावलाचेच स्वर. काका आम्हांस काही बोलले नाहीत. त्यांनी जुनी वही पुन्हा कापडात गुंडाळून ठेवली. ते न बोलणे आम्हांस अधिक लागले.

चूक यंत्राची नव्हती, आमचीच होती. आम्ही खुणेचे रूप पाहिले, अर्थ पाहिला नाही. या लेखात जे म्हणावयाचे आहे त्याचे सार इतकेच आहे. ओळीतील खूण निवडताना ती कशी दिसेल हा प्रश्न दुसरा, ती कशासाठी आहे हा पहिला. आणि मराठीत हा क्रम उलटा केला तर इंग्रजीपेक्षा अधिक नुकसान होते.

प्रथम या खुणांचे कूळ पाहू. टंकलेखनयंत्रावर तिरपे अक्षर नसे, म्हणून इंग्रजी लेखक शब्दाखाली रेघ ओढी आणि जुळारी तो शब्द तिरप्या ठशात घेई. नागमोडी रेघ असली तर जाड ठशात. पुढे संगणकावरील पत्रव्यवहारात रेघही ओढता येईना, तेव्हा लोक शब्दाच्या दोन्ही बाजूंना अधोरेषा किंवा तारका घालू लागले. २००४ साली जॉन ग्रुबर यांनी आरन स्वार्ट्झ यांच्या साहाय्याने मार्कडाउन नावाची जी खुणांची भाषा प्रसिद्ध केली, तिने हीच वहिवाट नियमात बसवली. तीत एक तारका किंवा एक अधोरेषा म्हणजे जोर, दोन म्हणजे अधिक जोर. त्यापूर्वी २००२ साली स्टुअर्ट रॅकहॅम यांची आस्कीडॉक आली होती. तीत एक तारका म्हणजे जाड, एक अधोरेषा म्हणजे तिरपे. मराठी विकिपीडिया २००३ च्या मे महिन्यात सुरू झाला. तेथे दोन उभी स्वल्पचिन्हे घातली की तिरपे आणि तीन घातली की जाड. म्हणजे एकच तारका एका भाषेत शब्द तिरपा करते आणि दुसरीत जाड करते. ज्याने केवळ रूप पाठ केले त्याचा येथेच घोटाळा होतो.

तिरप्या ठशाचे मूळ तर याहून दूरचे आहे. १५०१ साली व्हेनिस येथे आल्डस मनुटियस याने फ्रांचेस्को ग्रिफोने कोरलेल्या तिरप्या ठशात अख्खे पुस्तक छापले. तेव्हा तो जोर देण्याचा ठसा नव्हता, धावत्या हस्ताक्षराचे अनुकरण होते. जोर देणे, ग्रंथनाम दाखवणे, परका शब्द वेगळा काढणे ही कामे त्याच्याकडे पुढे हळूहळू आली. युरोपात उभा आणि तिरपा हे दोन ठसे दोन निराळ्या हस्ताक्षरांतून जन्मले, म्हणून डोळ्यांना त्यांचा भेद चटकन कळतो. बाळबोधीला असे भावंड मिळाले नाही. मिळावयाचे तर ते मोडीचे मिळाले असते. ग्रंथ बाळबोधीत आणि कारकुनाचे धावते लिहिणे मोडीत, अशी वाटणी आपल्याकडे होतीच. परंतु मोडी छापखान्यात टिकली नाही, आणि आज देवनागरीत तिरपे म्हणून जे दिसते ते बहुधा उभ्या अक्षरालाच यंत्राने दिलेला कल असतो. शिरोरेखा जागच्या जागी राहते, दंड तेवढा झुकतो, आणि वेलांटी व रफार अवघडून बसतात. अशा ठशावर अर्थाचा भार टाकणे म्हणजे मोडक्या खुर्चीवर पाहुण्याला बसवणे होय.

मग आपल्या पूर्वजांना जोर दाखवावा लागत नव्हता काय? लागत होता, पण त्यांची रीत निराळी होती. पोथीत अध्यायाची समाप्ती, ओवीचा आकडा, बोलणाऱ्याचे नाव ही तांबड्या शाईने लिहीत किंवा त्यांवर गेरू फिरवीत. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासून ते झाकीत. आजही एखाद्याने केलेल्या कामावर आपण हरताळ फासतो तो त्या पोथीतून आलेला. यात लक्षात घेण्यासारखे असे की रंगाला काम नेमून दिलेले होते. तांबडे म्हणजे येथे काही संपले किंवा सुरू झाले, पिवळे म्हणजे हे वाचू नये. नुसती शोभा म्हणून मधलाच शब्द तांबडा केलेला क्वचितच आढळेल. संगीत नाटकांच्या पुस्तकांतही हेच दिसते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले. त्या परंपरेतील छापील नाटके पाहावीत. पात्राचे नाव एका ठशात, कंसात 'स्वगत' किंवा 'प्रकट', पदाच्या डोक्यावर चाल. वाचणारा नट असो की घरातला वाचक, कोणत्या खुणेने काय करावयाचे हे त्यास सांगावे लागत नसे.

याहून सूक्ष्म उदाहरण वेदपाठाचे आहे. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या स्वाध्याय मंडळाने आधी औंध येथून आणि नंतर मराठी मुलखाबाहेर, गुजरातेतील पारडी येथून, सस्वर संहिता छापल्या. ऋग्वेदाच्या पद्धतीत अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरितावर उभी रेघ, आणि जो मुख्य स्वर, उदात्त, त्यास कोणतीच खूण नाही. जे सर्वांत महत्त्वाचे ते उघडे ठेवून आजूबाजूला खुणा केल्या आहेत! येथे रेघ ही सजावट नव्हे, ती पाठाचाच भाग आहे. 'इन्द्रशत्रु' या शब्दाचा स्वर चुकला आणि इंद्राला मारणारा जन्मावा यासाठी केलेल्या यज्ञातून इंद्राकडून मरणारा जन्मला, ही कथा व्याकरणाच्या अभ्यासकांना परिचित आहे. आमच्या भैरवाची गोष्ट त्याच जातीची, फार लहान प्रमाणावरची.

यावरून एक कसोटी निघते. जी खूण काढून टाकली असता अर्थच बदलतो ती खूण अक्षरासारखी मानावी. जी काढली असता केवळ भर कमी होतो तिला ठशाचा अलंकार मानण्यास हरकत नाही. अलंकार यंत्राकडे सोपवावा. अक्षर सोपवू नये. युनिकोडच्या देवनागरी विभागात अनुदात्ताच्या रेघेला स्वतंत्र वर्णाचे स्थान आहे. ती रेघ स्वरालाच चिकटते, मजकुराबरोबर एका यंत्रातून दुसऱ्यात जाते, आणि ठसा बदलला तरी गळत नाही. कोमल स्वर असा लिहावयास हवा होता. अधोरेषेची जोडी ही अलंकाराची खूण होती, आणि आम्ही तिच्या हाती अक्षर दिले.

हा भेद आम्हां सरकारी नोकरांस नवा वाटू नये. संसदेतील प्रश्नांच्या यादीत काही प्रश्नांवर तारका असते. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यावयाचे आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात; अतारांकिताला लेखी उत्तर पुरते. ती तारका डोळ्यांना सुंदर दिसावी म्हणून नसते, तिच्यावर पुढची सगळी कार्यवाही ठरते. उलट उदाहरणही आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. नस्तीवर 'तातडीचे' अशी चिठ्ठी लावण्याची सोय झाली, आणि काही दिवसांत बिनचिठ्ठीची नस्ती शोधावी लागू लागली. आजच्या कित्येक लेखांत दर तिसरा शब्द जाड ठशात असतो, त्यांची अवस्था याहून वेगळी नाही. सगळेच ओरडू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही.

आता मराठीच्या खास अडचणीकडे वळू. आपले विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतात. 'केसरी' हे नाव तिरपे करावयाचे आणि पुढे 'त' किंवा 'ने' जोडावयाचा, तर खूण शब्दाच्या मध्येच संपते. इंग्रजीत हा प्रसंग क्वचित येतो. आमच्या हिंदी सहकाऱ्यांनाही तो येत नाही, कारण हिंदीत नामापुढचे 'में', 'ने', 'को' सुटे लिहितात. लिपी एकच असूनही जबलपुरात शेजारच्या मेजावर जे सुरळीत चालते ते आमच्या मेजावर अडते, याचे आम्हांस प्रथम मोठे नवल वाटले होते. मार्कडाउनचे नियम २०१४ साली कॉमनमार्क या नावाने काटेकोरपणे मांडले गेले. त्यांनुसार अधोरेषेची जोडी शब्दाच्या पोटात संपू शकत नाही, तारकेची संपू शकते. मात्र तारकेच्या आत अवतरणचिन्ह असले आणि बाहेर लगेच प्रत्यय आला, तर तारकाही हात टेकते व जशीच्या तशी कागदावर उमटते. आस्कीडॉकमध्ये अशा वेळी एकेरी खुणेऐवजी दुहेरी खूण घालावी लागते. डेव्हिड गुजर यांच्या रिस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये खूण आणि प्रत्यय यांच्यामध्ये उलटी तिरकी रेघ व एक मोकळी जागा सोडावी लागते. छापताना ती जागा मिटते. या तिन्हींत मराठीला बंदी कोठेही नाही, पण मराठीचा विचारही कोठे झालेला नाही. प्रत्यय चिकटणाऱ्या भाषेच्या लेखकाने निमूटपणे आडवाटेने जावे, एवढीच सोय आहे.

त्यावर आमचे म्हणणे असे की बहुतेक वेळा त्या आडवाटेने जाण्याचे कारणच नाही. ग्रंथनाम एकेरी अवतरणात घालण्याची आपली रीत जुनी आणि पुरेशी आहे. 'केसरी'त, 'शाकुंतला'चा, असे लिहिले म्हणजे नाव कळते, प्रत्यय कळतो, आणि कोणत्याही यंत्रात ते बिघडत नाही. राहिला जोर. तो देण्यासाठी मराठीला ठशाची गरज इंग्रजीइतकी पडत नाही. "ही रक्कम कार्यालयानेच द्यावी" आणि "ही रक्कमच कार्यालयाने द्यावी" या दोन वाक्यांवरून केवढा पत्रव्यवहार माजू शकतो हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. एक 'च' इकडचा तिकडे झाला आणि जोराची जागा बदलली. 'ही', 'तर', 'देखील', 'सुद्धा' यांची कामगिरी अशीच. शब्दांचा क्रम बदलूनही आपण जोर हलवतो. ज्या लेखकाला 'च' कोठे घालावा हे कळते त्याला तारकेची गरज क्वचित भासते. आणि ज्याला कळत नाही त्याचे वाक्य तारकेने सावरत नाही. इंग्रजीतून विचार करून मराठी लिहिणाऱ्यांच्या लेखनात तिरपे शब्द का वाढले, याचे उत्तर पुष्कळ अंशी येथे आहे.

तरीही काही स्थळे उरतात. पारिभाषिक शब्द प्रथम येतो तेव्हा, शब्दाविषयी शब्द म्हणून बोलावयाचे असते तेव्हा, बोली किंवा परभाषेचा तुकडा वेगळा दाखवावयाचा असतो तेव्हा, स्वरलेखनासारख्या प्रसंगी. अशा वेळी आस्कीडॉक व रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट यांत एक मोठी सोय आहे. तेथे तुकड्याला त्याच्या कामाचे नाव देता येते, 'ही परिभाषा', 'हे ग्रंथनाम'. मग ते जाड दिसावे, तिरपे दिसावे की रंगीत, हे संपादक एका ठिकाणी ठरवतो आणि उद्या मत बदलले तर एकाच ठिकाणी बदलतो. देवनागरीत तिरपे शोभत नाही असे त्यास वाटले तर सर्व परिभाषा दुसऱ्या ठशात जातील आणि लेखकाने लिहिलेले एकही अक्षर हलणार नाही. पोथीतील तांबड्या शाईमागचा विचार येथे पुन्हा भेटतो.

याविरुद्ध जे बोलले जाते त्यात तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. कामाची नावे लिहिली की कच्चा मजकूर वाचवत नाही. मार्कडाउनची तारका मात्र डोळ्यांना खुपत नाही आणि शिकावयास पाच मिनिटे लागत नाहीत. वर्षातून दोन लेख पाठवणाऱ्या लेखकावर नियमांचे पुस्तक लादणे योग्य होणार नाही. मार्कडाउनचा गुण हा की त्याने लेखकाला यंत्राच्या धाकातून सोडवले. त्याचा दोष हा की त्याने जोराच्या दोन पायऱ्या दिल्या, आणि जगातील सर्व हेतू त्या दोन पायऱ्यांवर उभे राहावेत असे धरले. साध्या ललित लेखाला त्या दोन पुरतात, किंबहुना जास्तच होतात. कोश, व्याकरण, स्वरलेखन, जुन्या पाठांच्या आवृत्त्या यांना त्या पुरत नाहीत. तेथे श्रम वाचवण्याचा मोह आवरला पाहिजे.

मेजर कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात मराठीला विरामचिन्हांची शिस्त लावली, तेव्हा ती चिन्हे परकी होती. आज त्यांवाचून मराठी वाक्य आपल्याला अपुरे वाटते. ती रुजली याचे कारण आपल्या लेखकांनी एकेका चिन्हाला आपल्या वाक्यात काम दिले. या नव्या खुणांच्या बाबतीत तेच करावे लागेल, आणि ते पुण्या-मुंबईने ठरवावे म्हणून आपण थांबण्याचे कारण नाही. मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्यास आपली भाषा शेजारच्या भाषेहून नेमकी कोठे वेगळी आहे हे रोज जाणवत असते. जोर आधी शब्दाने द्यावा. ग्रंथनाम अवतरणात ठेवावे. अर्थ पालटणारी खूण अक्षर म्हणूनच लिहावी. उरलेल्या जागी ठसा वापरावा आणि तो कशासाठी आहे हे एकदा ठरवून घ्यावे. आपल्या संपादकांनी लेखकांस पाठवावयाच्या सूचनेत एवढे जरी छापले तरी पुष्कळ काम होईल.

काकांची वही आम्ही पुन्हा मागून आणली. या वेळी प्रत्येक कोमल स्वराला त्याची स्वतःची रेघ दिली आहे, आणि प्रत्येक पान छापण्यापूर्वी त्यांच्यापुढे बसून वाचून दाखवतो. ते डोळे मिटून ऐकतात, चूक असेल तेथे हात वर करतात. भैरवाचे पान झाले. त्या पानावर हात वर झाला नाही.